मागची सीट

गासला मी भाडेकरू म्हणून राहायला गेले, त्या दिवशी घरमालकांनी मला चहा दिला तो मोटारीच्या बॉनेटवर. घरात टेबल नव्हतं असं नाही. ओट्यावर चांगलं शिसवी टेबल होतं, पण त्यावर केळीचे घड पसरले होते. अंगणात एक फिक्कट निळी, म्हातारी पद्मिनी उभी होती. तिचं इंजिन चालू होतं आणि बॉनेटवर काठोकाठ भरलेला कप. मी हात पुढे केला तसे ते ओरडले, "थांबा टीचर! शिवू नका!" मग गुडघ्यांवर हात टेकून, कपाच्या काठाला डोळा भिडवून ते वाकून उभे राहिले. चहावर बारीक वलयं उठत होती. मिनिटाभराने एक थेंब ओघळून बशीत पडला.

"सांडला," ते म्हणाले. घरात कुणी आजारी असावं तसा त्यांचा चेहरा पडला. इंजिन बंद करून मला म्हणाले, "आता प्या."

गार चहा पीत मी मनात म्हटलं, बाई गं, सामान तर उतरवून झालंय.

मी मूळची कराडकडची. नालासोपाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायची मला भीती वाटत होती, म्हणून कुणीतरी गासचं हे घर सुचवलं. स्टेशनपासून रिक्षाने थोडं अंतर, आणि पुढे एकदम केळीच्या बागा, पानवेली, तगरीच्या रांगा. इथे बागेला वाडी म्हणतात. आमच्या घरमालकांची वाडी दीड-दोन एकरांची, बायको आणि ते असे दोघंच, आणि गोठ्यात बैलांच्या जागी तीन इंजिनं. इंजिनं लाकडी ओंडक्यांवर ठेवलेली असत आणि त्यांच्या अंगावर आंटींची, म्हणजे घरमालकिणीची, जुनी लाल लुगडी पांघरलेली. आंटींना ते आवडत नसे. "मी अजून जिवंत आहे आणि माझी लुगडी वाटली जातायत," असं त्या म्हणायच्या.

"दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवता का तुम्ही हिला?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी चर्चमध्ये शीळ घातली असावी तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बसवतात ते गॅरेजवाले," ते म्हणाले. "मी कलम बांधतो. बुंधा जुना ठेवायचा, फांदी नवी आणायची. घाई करायची नाही. चिकूला करतो तेच हिला."

आणि खरंच, ते चिकूच्या नेमानेच चालायचे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घरी आले की जुनं इंजिन साखळीच्या कप्पीला टांगून बाहेर काढायचं, उपवासकाळाचे चाळीस दिवस नवं जुळवायचं आणि ईस्टरच्या सकाळी चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर पहिल्यांदा सुरू करायचं. ह्यात भक्ती किती होती ते देव जाणे, पण सोय मोठी होती. त्यांची पद्मिनी ही गावात नवरीला चर्चमध्ये नेण्याची मानाची गाडी, आणि उपवासकाळात लग्नं लागत नाहीत. प्रत्येक नव्या इंजिनाची नोंद गाडीच्या कागदांत रीतसर व्हायची. परिवहन कार्यालयातले साहेब त्यांना दारात बघून म्हणायचे, "आता काय केलंत?" ह्यांना ते कौतुक वाटायचं.

माझ्याशी ते पुस्तकातलं मराठी बोलायचे. त्यांच्या लहानपणी शाळेत एक कडक फादर होते, त्यांनी छडी मारून शिकवलेलं. बायकोशी आणि इंजिनाशी मात्र घरची बोली. ती बोली मला पहिलं वर्षभर ओ की ठो कळली नाही. पण एवढं कळायचं की इंजिनाशी बोलताना ते विनवणी करतात आणि बायकोशी बोलताना माहिती देतात.

रविवारी विरारकडून, नायगावकडून गाड्यांचे शौकीन यायचे. आयटीत, बँकेत नोकऱ्या करणारे, टक्कल पडायला लागलेले बाप्ये. ह्यांच्या गाड्या जमिनीला टेकलेल्या, सायलेन्सर असे की वाडीतले बगळे उडून जायचे. कुणाच्या जीपमध्ये ट्रकचं इंजिन, कुणाच्या छोट्या गाडीत मोठीचं. ते आमच्या घरमालकांना मानत, कारण लोकांनी ज्याचा नाद सोडला असं काम ते मातीच्या जमिनीवर उकिडवं बसून करत.

"अंकल, सॉलिड इंजिन स्वॅप मारलाय! किती पॉवर काढते?"

"तुमच्या गाडीत मागे कोण बसतं?" हे त्यांचं उत्तर.

"मागे? मागे सीटच काढून टाकलीय ना अंकल, वजन कमी होतं."

"मग तुम्हाला माझी गाडी समजणार नाही," ते शांतपणे सांगायचे आणि बॉनेटवर कप ठेवायला आंटींना हाक मारायचे. कप ठेवून झाला की त्या शौकिनांना आपापल्या गाडीवर तोच प्रयोग करायला लावायचे. अर्धे कप फुटायचे. आंटींनी पुढे पुढे स्टीलचे पेले द्यायला सुरुवात केली.

गाव त्यांना वेडा समजे आणि मीही समजत होते. मग एका दुपारी गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं मला दिसलं. डावीकडे इंजिनाचं नाव, उजवीकडे ठिकाण.

मूळचं पेट्रोल – सोपारा.
विहिरीवरचं डिझेल – आपलं फाटक.
व्हॅनचं, गॅसवर – निर्मळ.
चार सिलिंडर – शिरसाड फाटा.

"हे काय? कुठवर गाडी चालली ते?" मी विचारलं.

आंटी केळीची पानं कापत होत्या. विळा न थांबवता म्हणाल्या, "माझ्या उलट्या आहेत त्या."

तेव्हा सगळा उलगडा झाला. आंटींना गाडी लागायची. साधीसुधी नाही. बस, रिक्षा, टेम्पो, कशातही बसल्या की दहा मिनिटांत चेहरा पांढरा, आणि पुढचं सांगायला नको. लग्नाच्या दिवशी चर्चपासून घरापर्यंत, म्हणजे हाकेच्या अंतरावर, ह्या निळ्या पद्मिनीतून नवरा-नवरी आले आणि नवरी फाटकात उतरून सरळ केळीच्या आळ्याकडे धावली. वऱ्हाडी हसले. घरमालक हसले नाहीत. त्यांनी त्या दिवशी ठरवलं की दोष गाडीत आहे आणि आपण तो काढायचा. त्याला माझ्या वेळी अडतीस वर्षं झाली होती.

पेट्रोलच्या वासाने होतं म्हणून पेट्रोल काढलं. वेगाने होतं म्हणून विहिरीवरचं पाणी उपसायचं इंजिन घातलं, ते बैलाच्या चालीने चालायचं आणि सगळा गाव हादरवायचं. त्या वर्षी एकही नवरी गाडीत बसली नाही. मग हादऱ्यांनी होतं म्हणून व्हॅनचं, मग त्याहून मऊ चालणारं, एका चेपलेल्या मोठ्या गाडीचं चार सिलिंडरचं. मागच्या सीटमधला फोम काढून काथ्या भरला. आंटी हॉर्नने दचकतात म्हणून ते तो वाजवतच नसत, खिडकीतून हात काढून सायकलची घंटी वाजवत. गाडीत कायम एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात लिंबू, आल्याच्या वड्या, पिशव्या, घडी केलेला पंचा. तो डबा ते स्वतः भरायचे, स्वतः धुवायचे. मी पुष्कळ नवरे पाहिलेत. बायकोच्या उलटीचा डबा धुणारा हा एकच.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. एवढ्या अडतीस वर्षांत त्यांनी इंजिनाला हजार प्रश्न विचारले असतील, बायकोला एकच विचारलेला. कधी बरं वाटायचं तुला? आणि आंटींनी सांगितलं होतं, "माहेरी बैलगाडीत काही होत नव्हतं. मीच हाकायची. केळी घेऊन सोपाऱ्याला जायचो." झालं. ह्या माणसाने बैलगाडी उचलली. तिचा वेग, तिचा काथ्या, तिची मोकळी हवा, सगळं पद्मिनीत आणलं. ह्या उत्तरातला एक शब्द मात्र त्यांच्या कानावरून गेला, आणि माझ्याही.

दुसरा विक्षिप्तपणा त्यांचा असा की दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत ते बसत नसत. रिक्षात नाही, एसटीत नाही. भुईगावला मावसभावाची मौत झाली तेव्हा भर दुपारी पायी गेले. "चाक दुसऱ्याच्या हातात असलं की मला माझे हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही," म्हणायचे. "मग आगगाडीत कसे बसता?" मी एकदा पकडलं. "तिथे चाक कोणाच्याच हातात नसतं टीचर. रूळ नेतात."

माझ्या तिसऱ्या वर्षी नाताळात एक पत्र आलं. आंटींची थोरली बहीण सिस्टर होती, जव्हारच्या बाजूला एका कॉन्व्हेंटमध्ये. दर वर्षी तीच गासला यायची. त्या पावसाळ्यात पडून तिचं कमरेचं हाड मोडलं आणि आता तिचा प्रवास संपला होता. तिने सिस्टर होताना घेतलेल्या व्रतांना मे महिन्यात पन्नास वर्षं होत होती. पत्रात शेवटी लिहिलं होतं, "तू येऊ शकणार नाहीस ते मला माहीत आहे. मनात वाईट वाटून घेऊ नको."

पत्र मीच वाचून दाखवलं, कारण आंटींचा चष्मा सापडत नव्हता. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षांपूर्वी पण असंच." मग हळूहळू सांगितलं. त्या बारा वर्षांच्या होत्या. बहिणीच्या व्रतांसाठी सगळं घर ट्रक करून निघालं. मनोरपर्यंत आंटींनी इतक्या उलट्या केल्या की वडिलांनी एका ओळखीच्या घरी उतरवून ठेवलं. त्या दिवसभर परक्या माणसांच्या ओट्यावर नव्या फ्रॉकमध्ये बसून राहिल्या, आणि संध्याकाळी परतणाऱ्या ट्रकने त्यांना उचललं. सगळ्यांच्या हातात गोडाचे पुडे होते.

"जव्हारला तर आगगाडी जात नाही," घरमालक म्हणाले, "म्हणजे मलाच न्यायला पाहिजे." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली. राखेचा बुधवार दोन महिन्यांवर होता.

त्या उपवासकाळात त्यांनी शेवटचं कलम बांधलं. बंद पडलेल्या ई-रिक्षाची मोटर आणि बॅटऱ्या आणल्या. डोंगर ती चढणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण आधी हिला मानवते का बघू, मानवली तर मोठी मोटर शोधू, असा हिशेब. चाळीस दिवस माणूस धड जेवला नाही. उपवास होता, पण तो देवासाठी नसावा अशी मला शंका आहे.

ईस्टरला मिस्सा झाली. आंटी लाल लुगडं, कानात सोनं, केसांत तगरीची वेणी घालून आल्या. अंगणात बॉनेटवर कप ठेवला. गाडी सुरू झाली ती कुणाला कळलीसुद्धा नाही. ना आवाज, ना वास, ना कंप. चहा बशीतल्या दुधासारखा निवांत. दोन मिनिटं झाली, पाच झाली, थेंब पडला नाही. घरमालकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले होते.

आंटी मागे बसल्या, डाव्या खिडकीशी, उशी घेऊन, त्यांच्या नेहमीच्या जागी. मी शेजारी बसले. ह्यांनी चाक धरलं. गाडी तगरीच्या वाडीवरून निघाली ती पाण्यावरून गेल्यासारखी. येणारे-जाणारे हात जोडून सणाच्या शुभेच्छा देत होते. आंटींनी सगळी नजर बाहेर लावली होती, ओठ घट्ट मिटलेले. निर्मळच्या तलावापाशी त्यांनी माझं मनगट धरलं.

डबा उघडायलाही वेळ मिळाला नाही. लाल लुगडं खराब झालं.

आम्ही तिघं तलावाच्या काठावर बसलो. आंटी तोंड धुऊन म्हणाल्या, "माफ कर." आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, एवढी बोली मला तोवर कळायला लागली होती. ते गाडीकडे बघत होते.

"आता काय काढू, टीचर?" ते म्हणाले. "आता तर इंजिनच नाही."

मला खरंच रडू आलं. एखाद्याने घराची एकेक वीट तपासून शेवटी घरच काढून टाकावं आणि गळती तशीच राहावी, तसं झालं होतं.

त्यानंतर ते गाडीला हात लावेनात. चावी लावलेली तशीच अंगणात वाकडी उभी. नवव्या की दहाव्या दिवशी केळी न्यायला टेम्पो आला, आणि पद्मिनी वाटेत आडवी. घरमालक पायी कुठेतरी निघून गेलेले, ते हल्ली तसे जायचे. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता.

"टीचर, तुम्ही मागून ढकला, मी चाक वळवते," आंटी म्हणाल्या आणि लुगडं खोचून पुढच्या सीटवर बसल्या. मी ढकलायला लागले. दोन पावलं गेले असेन, आणि गाडी माझ्या हातातून सुटून पुढे गेली. आंटींनी चावी फिरवली होती. क्लच नाही, गिअर नाही, पाय दाबला की चालते ते त्यांनी चाळीस दिवस बघितलंच होतं. गाडी फाटकाकडे न जाता वाडीत शिरली, विहिरीला वळसा घातला, केळीच्या दोन रांगांमधून गेली, परत विहीर. मी मागून धावतेय, "आंटी! ब्रेक! आंटी!" टेम्पोवाला हसतोय. तीन फेऱ्या झाल्या. चौथीला त्यांनी गाडी बरोबर चिकूखाली आणून उभी केली. बैल सावलीत उभे करतात तशी.

मी धापा टाकत दार उघडलं. हातात डबा तयार ठेवला. "कसं वाटतंय?"

आंटींनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, जरा वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "भूक लागली."

मी तिथेच खाली बसले. कराडची धरून वीस वर्षं मी पोरांना कानाचा धडा शिकवतेय. कान नुसता ऐकायला नसतो, तोलही सांभाळतो. गाडी कुठे वळणार ते आधी कळलं की शरीर सावरतं, नाही कळलं की गोंधळतं. म्हणून चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. हे मी फळ्यावर आकृती काढून सांगते. आणि तीन वर्षं त्या घरात राहून, "मीच हाकायची" हे शब्द ऐकून, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! पुस्तक शाळेत ठेवून घरी येणाऱ्यांपैकीच मी.

संध्याकाळी घरमालक परतल्यावर आंटींनी त्यांना सांगितलं. मी कानाची आकृती काढून दाखवली. मला वाटलं, आनंदाने उडी मारतील. त्यांचा पहिला प्रश्न मात्र असा होता, "चाक हिच्या हातात? मग मी कुठे बसू?"

"मी अडतीस वर्षं बसले तिथे," आंटी म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "तुला गाडीत काय काय पाहिजे?" मी ते ऐकलं आणि घास तसाच ठेवला. आंटीही थांबल्या. इतक्या वर्षांत कुणी असं विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना चटकन सांगता येईना. मग म्हणाल्या, "सीट पुढे. माझे पाय पोचत नाहीत. आणि ती गिअरची काठी नको."

उपवासकाळ संपलेला, लग्नांचा मोसम भरात, तरी त्यांनी दोन नवऱ्या नाकारल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा भलत्या दिवसांत कलम बांधलं. चार सिलिंडरचं इंजिन परत आलं, त्याचे कागद होतेच. त्याला जोडायला बिनक्लचचा गिअरबॉक्स ते कुर्ल्याच्या भंगारातून शोधून घेऊन आले, आगगाडीने, मांडीवर. त्याच्याही नोंदीसाठी साहेबांना भेटून आले. सीटखाली लाकडी ठोकळे घालून ती पुढे आणि वर घेतली. ह्या वेळी कप ठेवला नाही. त्याऐवजी आंटींना बसवायचे आणि विचारायचे, "पोचतो का पाय?"

बासष्टाव्या वर्षी आंटी शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेला बसल्या. रस्त्यावरच्या खुणांचे प्रश्न होते, एकही चुकला नाही. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठे क्लास लावला होता? आंटी म्हणाल्या, "मागच्या सीटवर." उलटी दाबायला त्या आयुष्यभर खिडकीतून पाट्या वाचत आल्या होत्या. वळण, अरुंद पूल, शाळा, सावकाश, त्यांना सगळं पाठ होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. काचेवर लाल रंगात मोठं एल. माझं लायसन्स जुनं, म्हणून कायद्याने मी त्यांच्या शेजारी. घरमालकांना पुढे बसवून पाहिलं होतं, पण ते सारखे पाय आपटून नसलेला ब्रेक दाबायचे, म्हणून आंटींनी त्यांना मागे पाठवलं. मागे, डाव्या खिडकीशी, काथ्याच्या सीटवर, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन. लग्नाचा पांढरा शर्ट घातलेला. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं म्हणून डबाच धरून ठेवला असावा.

शिरसाड फाटा आला. गोठ्याच्या भिंतीवरचं शेवटचं ठिकाण. आंटींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही, हायवेला डावी लेन धरली आणि चाळीसवर गाडी ठेवली. ट्रकवाले शिव्या देत पुढे गेले. मनोरला थांबलो. तो ओटा होता तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या समोर उभं राहून आंटींनी दोन वडापाव खाल्ले, दुसरा मिरचीसकट. घरमालकांनी काही खाल्लं नाही. "मन भरलंय," म्हणाले. मला ते खरं वाटलं.

विक्रमगड मागे पडलं आणि वळणं सुरू झाली. आंटी मजेत होत्या. प्रत्येक वळणाला त्या जरा झुकायच्या, माहेरच्या एका बैलाचं नाव घेऊन हसायच्या. मागून आवाज आला, "हळू." त्यांनी हळू केली. पुढच्या वळणावर परत, "हळू गं." मग बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक आवाजात, "टीचर. डबा उघडत नाही."

मी वळून बघितलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी ओरडले, आंटींनी गाडी बाजूला घेतली, पण उशीर झाला होता. लग्नाचा शर्ट गेला. ते दार उघडून दगडावर बसले आणि दोन्ही हातांनी पोट धरून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातच्या गाडीत मागे बसला होता माणूस.

आंटी उतरल्या. डब्यातून लिंबू काढलं, कापलं, त्यांच्या हातात दिलं. पंचा ओला करून तोंड पुसलं. ही सगळी कामं त्यांना पाठ होती, कारण अडतीस वर्षं त्यांच्यावर तीच झाली होती.

बऱ्याच वेळाने घरमालकांनी मान वर केली. मला वाटलं, आता गाडीबद्दल काहीतरी बोलणार. ते बायकोकडे बघत होते, आणि घरच्या बोलीत म्हणाले, "एवढं होत होतं तुला?"

आंटी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "थोडंच राहिलंय. डोळे मिटायचे नाहीत. बाहेर पाट्या असतात, त्या वाचायच्या. बरं वाटतं."

मी म्हटलं, हवं तर थोडं अंतर त्यांनी चालवावं. त्यांनी मान हलवली. स्वतः उठून मागच्या सीटवर जाऊन बसले, डाव्या खिडकीशी, आणि दार ओढून घेतलं. आंटींनी गाडी सुरू केली. पुढे सबंध घाटभर मागून आवाज येत होता, कडक फादरांनी शिकवलेल्या त्या स्वच्छ मराठीत, एकेक पाटी मोठ्याने. "पुढे वळण आहे. सावकाश जा. जव्हार, अकरा किलोमीटर." आणि आंटी दर पाटीला म्हणत होत्या, "हो."